नादसेवेसाठी सर्वस्व पणाला लावणारे रामभक्त : पं. विष्णू दिगंबर पलुसकर

॥ श्री ॥



वांकिडी व आसपासच्या गावांतून मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत ईश्वराचे नाव घेतले जाते. आसिफाबादहून राजुरा-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा आपला मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, नंतर अनेक वर्षे आदिलाबाद जिल्ह्यात राहिला आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आला. राज्ये व जिल्हे बदलले, परंतु एकादशीचे भजन, रामनवमीचा उत्सव आणि टाळ-मृदंगाचा गजर यांत खंड पडला नाही. पेटी-तबल्याच्या साथीने स्त्री-पुरुष व मुले देवासमोर निःसंकोचपणे गातात, हे आज आपणांस इतके स्वाभाविक वाटते की, त्यामागे कोणी आपला पैसा, प्रकृती आणि संसार वेचला असेल असा विचारही मनात येत नाही.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी परिस्थिती निराळी होती. संतांचे अभंग घरोघर होते, कीर्तन होते; परंतु शास्त्रोक्त गायन ही राजवाड्यांतील व धनिकांच्या मैफिलींतील वस्तू होती. गवयाला बिदागी मिळे, प्रतिष्ठा मिळत नसे. कुलीन घरातील मुलींनी गाणे शिकणे निंद्य मानले जाई. ही स्थिती बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांत पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांचे नाव अग्रभागी आहे. गायक म्हणून त्यांची थोरवी सर्वज्ञात आहे. आम्ही या लेखात विशेषेकरून त्यांच्या कार्यातील आर्थिक साहस आणि त्याग यांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण धर्मकार्य किंवा लोककार्य चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेला या चरित्रातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जन्म व बालपण

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड या संस्थानी गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे पूर्वरंग-उत्तररंग, आख्यान, अभंग, टाळांचा ठेका हे सर्व त्या बालकाच्या कानांवर पाळण्यातच पडले. कुरुंदवाडपासून जवळच श्रीक्षेत्र नृसिंहवाडी आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील त्या दत्तस्थानाचा प्रभाव साऱ्या पंचक्रोशीवर होता.

दत्तजयंतीच्या उत्सवातच या मुलावर मोठे संकट कोसळले. शोभेच्या दारूचा स्फोट चेहऱ्याजवळ झाला आणि दोन्ही डोळ्यांना गंभीर इजा पोहोचली. उपचारासाठी त्यांना मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्णतः गेले नाहीत, परंतु दृष्टी कायमची अधू झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. गळा गोड असल्याने आणि घरात कीर्तनाचे संस्कार असल्याने मुलाने गायन शिकावे असे ठरले. त्या काळी हा निर्णय आनंदाचा नव्हता. ज्याला दुसरा व्यवसाय करता येणार नाही त्याच्यासाठी उरलेली वाट, अशीच त्याकडे पाहिले जाई. परंतु त्याच वाटेने पुढे त्यांनी हजारो लोकांस नेले.

गुरुगृही

मिरजेस त्या वेळी गायनाचार्य पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य होते. ग्वाल्हेर परंपरेची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय बुवांना दिले जाते. मिरजेच्या अधिपतींनी विष्णुपंतांच्या शिक्षणाची व्यवस्था लावून दिली आणि सुमारे नऊ वर्षे त्यांनी गुरुचरणी बसून विद्या संपादन केली. पहाटेपासून रियाज, गुरुसेवा आणि पुन्हा रियाज असा तो क्रम होता. राजाश्रय लाभल्यामुळे खाण्यापिण्याची ददात नव्हती. हीच स्थिती कायम ठेवून ते मिरजेस दरबारी गायक म्हणून सुखाने राहू शकले असते.

परंतु एका प्रसंगाने त्यांचे मन पालटले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुपंतांना आले. गुरुवर्य बाळकृष्णबुवांना मात्र आले नाही. चौकशी करता असे कळले की, विष्णुपंत हे राजेसाहेबांच्या मर्जीतील म्हणून त्यांना बोलावले होते, बुवा तर केवळ गवई होते. ज्या विद्येपुढे आपण मस्तक नमवितो त्या विद्येच्या आचार्याला समाजात एवढेही स्थान नसावे, याचे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले. दोष एका निमंत्रणकर्त्याचा नव्हता. कलावंत जोवर एखाद्या धन्याच्या कृपेवर जगतो, तोवर त्याची प्रतिष्ठाही त्या धन्याच्याच मर्जीवर अवलंबून राहणार, हे त्यांना उमगले.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. आयुष्यातील पहिले मोठे आर्थिक साहस ते हेच. जाताना हाती विद्या होती, सोबत एक-दोन माणसे होती. ठरलेले उत्पन्न नव्हते, परतीचे आश्वासन नव्हते आणि दृष्टीही धड नव्हती. वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

भ्रमंती व लाहोर

मिरजेहून निघून औंध, सातारा, बडोदे असा प्रवास करीत ते सौराष्ट्रात पोहोचले. बडोद्यासारख्या संस्थानांत त्यांचा सन्मान झाला. तेथे राहण्याचा मोह होणे अशक्य नव्हते. तथापि ते कोठेही थांबले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी जाहीर मैफल करण्याचा उपक्रम केला. गाणे राजवाड्यात, श्रीमंतांच्या घरी वा देवळात व्हावे अशी त्या काळची रीत होती. सर्वसामान्य लोकांनी मूल्य देऊन सभागृहात यावे आणि गायकाचे गाणे शांतपणे ऐकावे, ही कल्पना नवी होती. ही केवळ पैसे मिळविण्याची युक्ती नव्हती. एका धन्याऐवजी शेकडो श्रोत्यांनी थोडेथोडे दिले, तर गायकाला कोणापुढेही वाकावे लागत नाही, हे तत्त्व त्यात होते. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या सर्व संस्थांचा पाया हाच राहिला.

गिरनार येथे त्यांना एक साधुपुरुष भेटला व त्याने उत्तरेकडे, पंजाबात जाऊन कार्य करण्याचा उपदेश केला, अशी कथा आहे. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करीत ते पंजाबात आले. मथुरेस त्यांनी व्रजभाषेचा व ध्रुपदाचा अभ्यास केला. तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची पदे त्यांच्या गाण्यात शिरली ती या प्रवासात. महाराष्ट्रातील संतांची वाणी तर जन्मापासूनच मुखी होती.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयाविना, लोकांच्या देणग्यांवर व स्वतःच्या मैफिलींच्या उत्पन्नावर चालणारी आणि सर्वांसाठी खुली अशी संगीतशाळा ही देशातील अगदी पहिल्या काही संस्थांपैकी होय. आपले गाव फार दूर, भाषा परकी, ओळखी तुटपुंज्या. प्रारंभी विद्यार्थीच येईनात. तरीही ठरलेल्या वेळी ते स्वतः शाळेत जाऊन तानपुरा लावून बसत, असे सांगतात. हळूहळू लोक येऊ लागले.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असता वडील निवर्तल्याची वार्ता आली. विष्णुपंत गावी गेले नाहीत. नुकतीच लावलेली रोपटी सोडून गेल्यास ती वाळतील, असा विचार करून त्यांनी दुःख मनात गिळले व वर्ग चालू ठेवले, असे त्यांचे चरित्र सांगते. पितृकार्य हे आपल्याकडे पुत्राचे परमकर्तव्य मानले जाते. ज्या कीर्तनकार पित्याने पहिला स्वर कानी घातला, त्याच्या अंत्यविधीस न जाणे हे कोणा श्रद्धाळू मनाला किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतात. मात्र कार्यावरील त्यांची निष्ठा किती टोकाची होती, हे यावरून स्पष्ट दिसते.

विद्यालयाची रचना व खर्च

येथे थोडे व्यवहाराच्या अंगाने पाहणे आवश्यक आहे. गांधर्व महाविद्यालयात साधे वर्ग होते, त्यांत सायंकाळी नोकरदार व विद्यार्थी येऊन शिकत. महिलांसाठी स्वतंत्र वर्ग होते आणि त्या काळी ते धाडसाचे पाऊल होते. याखेरीज उपदेशक वर्ग होता. त्यातील विद्यार्थी विद्यालयातच राहत आणि नऊ वर्षे तेथे राहून शिकण्याचे वचन देत. त्यांच्या निवासाचा, भोजनाचा आणि कपड्यालत्त्याचा भार संस्था वाही. त्यांनी पुढे गावोगावी जाऊन संगीताचा प्रसार करावा, हा हेतू होता.

आता विचार करावा की, ज्या विद्यार्थ्यांवर सर्वाधिक खर्च होई त्यांच्याकडून उत्पन्न काहीच नव्हते, आणि ज्या वर्गांतून शुल्क मिळे त्यांचे उत्पन्न बेताचेच होते. शिवाय विष्णुपंतांनी पाठ्यपुस्तके स्वतः तयार केली. तोवर बंदिशी गुरुमुखातूनच मिळत. अनेक उस्ताद त्या जिवापाड लपवून ठेवीत. पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बनवून बंदिशी छापल्या आणि कोणालाही विकत घेता येतील अशा केल्या. ‘संगीत बालप्रकाश’ आणि निरनिराळ्या रागांवरील पुस्तकमाला त्यांच्या नावावर आहे. ‘संगीतामृत प्रवाह’ हे नियतकालिकही त्यांनी चालविले. त्यासाठी छापखाना आला, कागद आला, कामगार आले. वाद्ये तयार व दुरुस्त करण्याची सोयही संस्थेत होती.

या सर्वांची तोंडमिळवणी एकाच झऱ्यातून होत असे व तो झरा म्हणजे पंडितजींचा स्वतःचा गळा. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते देशभर दौरे काढीत, जाहीर मैफिली करीत आणि जमलेले द्रव्य संस्थेत ओतीत. त्यांच्या मैफिलींत शिस्त असे. कार्यक्रम वेळेवर सुरू होई, श्रोत्यांनी शांत बसावे असा आग्रह असे. शृंगारिक शब्दांच्या ठिकाणी भक्तिपर पदे योजून त्यांनी तेच राग, त्याच बंदिशी घरंदाज स्त्री-पुरुषांनी निःशंक गाव्यात अशा केल्या. प्रत्येक मुलगा महान गायक होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. चांगले ऐकणारे कान निर्माण झाले तरी कार्य सफल झाले, अशी त्यांची दृष्टी होती. आपल्या भजनी मंडळात स्वर लावता न येणारा, पण चुकलेला स्वर लगेच ओळखणारा एखादा ज्येष्ठ भाविक असतोच. त्याची गणना या दृष्टीने कार्याच्या फळातच होते.

मुंबई, कर्ज व लिलाव

१९०८ मध्ये मुंबई येथे विद्यालयाची शाखा निघाली आणि पुढे मुंबई हेच कार्याचे मुख्य केंद्र झाले. विद्यार्थी वाढले, वसतिगृह अपुरे पडू लागले. तेव्हा संस्थेची स्वतःची इमारत व वसतिगृह उभारावे असे पंडितजींनी ठरविले आणि त्यासाठी कर्ज काढले. मैफिलींच्या उत्पन्नातून ते फेडता येईल, हा हिशेब होता.

हा हिशेब अगदीच अविचाराचा नव्हता. त्यांचे नाव देशभर झाले होते, दौऱ्यांतून उत्पन्न होत होते. परंतु त्यात एक मोठा धोका होता. कर्जाचे व्याज महिन्यामागून महिना ठरलेले असते. मैफिलीचे उत्पन्न ठरलेले नसते. गळा बसला, प्रकृती बिघडली, दौरा लांबला किंवा देशात अस्वस्थता असली तरी व्याज थांबत नाही. शिवाय सर्व भार एकाच व्यक्तीच्या श्रमावर होता. पंडितजींना याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. संस्थेचा व्याप कमी करणे, मोफत विद्यार्थी कमी करणे किंवा एखाद्या संस्थानिकाच्या पदरी जाऊन ऋणमुक्त होणे हे मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी त्यांपैकी एकही स्वीकारला नाही.

याच सुमारास त्यांच्या अंतःकरणात आणखी एक परिवर्तन घडत होते. घरी दुःखामागून दुःख येत गेले होते. त्यांना व पत्नी रमाबाई यांना अनेक अपत्ये झाली, परंतु ती बालपणीच दगावली. १९२१ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय हे एकच पुढे वाढले. पंडितजींचे मन उत्तरोत्तर रामनामाकडे ओढले जाऊ लागले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, तुलसी रामायणावर प्रवचने केली, आणि १९२२ मध्ये श्रीक्षेत्र नाशिक येथे ‘श्रीरामनाम आधार आश्रम’ स्थापन केला. शिष्यवर्ग त्यांना ‘महाराज’ म्हणू लागला. गाण्यात आता रागविस्तारापेक्षा नामसंकीर्तनाला अधिक स्थान मिळाले. महात्मा गांधींच्या प्रार्थनांमुळे देशभर पोहोचलेल्या प्रसिद्ध रामधुनेच्या चालीचे श्रेय पंडितजींनाच दिले जाते.

भक्तांच्या दृष्टीने ही चढती कमान होती. परंतु कर्जाच्या दृष्टीने पाहता त्यात अडचण होती. ज्या मैफिलींवर व्याज भागायचे, त्यांचेच स्वरूप बदलत गेले. १९२४ मध्ये पंडितजी दौऱ्यावर असताना सावकारांनी विद्यालयाच्या मालमत्तेवर जप्ती आणली आणि विद्यालयाचा लिलाव झाला. बावन्न वर्षांच्या वयात, तेवीस वर्षांच्या श्रमाचे दृश्य फळ एका कारवाईत हातचे गेले. महाराज नाशिकच्या आश्रमात राहिले आणि मोजके शिष्य, रामायण व तानपुरा एवढ्यावर त्यांनी पुढील काळ व्यतीत केला.

निर्भयता

लिलावाच्या काही महिने आधीची एक घटना येथे सांगणे उचित होईल. डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. आज आंध्र प्रदेशात असलेले हे शहर आपल्या तेलुगू भाषक बांधवांना परिचित आहे. प्रथेप्रमाणे पंडितजी ‘वंदे मातरम्’ गाण्यास उभे राहिले. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणास्तव गायनास हरकत घेतली. पंडितजींनी गायन थांबविले नाही. ते पूर्ण करूनच ते थांबले.

आम्ही ही घटना कोणा समाजाविषयी कटुता वाटावी म्हणून सांगत नाही. पंडितजींची गायकी ज्या ग्वाल्हेर परंपरेतून आली, तिच्या उभारणीत मुसलमान उस्तादांचा वाटा फार मोठा आहे, हे ते स्वतः जाणून होते. सांगावयाचे ते इतकेच की, डोक्यावर कर्ज असलेला माणूस सहसा मोठ्यांना दुखवीत नाही. देणगीदार नाराज होतील, निमंत्रणे थांबतील ही भीती त्याला असते. महाराजांनी कर्जाचा भार वाहिला, परंतु त्या भाराखाली आपला स्वर दबू दिला नाही.

देहावसान

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींनी देह ठेवला. ज्या गावी गुरूकडून विद्या मिळाली, जेथून पस्तीस वर्षांपूर्वी ते रिकाम्या हाती निघाले होते, तेथेच त्यांची यात्रा संपली. त्या वेळी पुत्र दत्तात्रेय दहा वर्षांचे होते. मुलासाठी वाडे, जमिनी वा ठेवी मागे राहिल्या नव्हत्या. पुढे शिष्यमंडळींनीच या गुरुपुत्राला घडविले. पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांच्या शिकवणीतून तयार झालेले डी. व्ही. पलुसकर आपल्या सुरेल भजनांनी घराघरांत पोहोचले. दुर्दैवाने १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही निवर्तले. परंतु त्यांच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका आजही सकाळच्या वेळी मंदिरांतून ऐकू येतात.

काय गेले, काय उरले

लिलावात इमारत गेली, सामान गेले. मोफत जेवून-राहून शिकलेले विद्यार्थी मात्र लिलावात निघू शकत नव्हते. ज्यांच्यावर केलेला खर्च हिशेबाच्या वहीत केवळ नावे बाजूस पडला होता, त्यांनीच पुढे गुरुऋण फेडले.

पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीत विभागाची धुरा वाहिली. पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीतशिक्षणाची संस्था उभारली. पं. नारायण मोरेश्वर खरे यांना पंडितजींनी महात्मा गांधींच्या विनंतीवरून साबरमती आश्रमात पाठविले होते. आश्रमाची भजनावली संकलित करणारे व १९३० च्या दांडीयात्रेत चालणारे खरेशास्त्री ते हेच. गुरूंच्या निधनाच्या वर्षीच, १९३१ मध्ये, शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या ज्या परीक्षांची प्रमाणपत्रे महाराष्ट्रातील गावोगावच्या घरांतून भिंतीवर दिसतात, त्या याच मंडळाच्या. १९७३ मध्ये भारत सरकारने पंडितजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. पंडितजींची स्वरलेखनपद्धती काहीशी क्लिष्ट असल्याने, त्यांचे समकालीन पं. विष्णू नारायण भातखंडे यांची सोपी पद्धती अधिक प्रचारात आली. म्हणजे सर्व प्रयत्नांना यश आले असे नाही. परंतु गाणे शिकणे ही लाजेची गोष्ट नसून भूषणाची आहे, हा विचार समाजात रुजला तो अशाच लोकांच्या कष्टांमुळे.

आपणांसाठी बोध

आपल्यासारख्या ग्रामीण भागातील देवस्थानांच्या कामात आर्थिक प्रश्न नेहमीच असतात. सभामंडप वाढवावा, भक्तनिवास बांधावा, मुलांसाठी भजनवर्ग चालवावा, अन्नदान करावे, या सर्व इच्छा योग्यच आहेत आणि निधी मर्यादित आहे. अशा वेळी पंडितजींचे चरित्र दोन्ही बाजूंनी वाचावे, असे आम्हांस वाटते.

एक बाजू सावधपणाची आहे. पंडितजींनी आपल्या अंगावर जो धोका घेतला तो स्वतःचा होता. त्याची झळ त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने सोसली. विश्वस्तांच्या हातातील पैसा भक्तांचा असतो. भक्ताने घाम गाळून पेटीत टाकलेल्या रुपयावर तसे साहस करण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही. एकाच व्यक्तीच्या श्रमावर किंवा एकाच उत्पन्नावर साऱ्या कार्याचा भार ठेवू नये, आणि अनिश्चित उत्पन्नाच्या भरवशावर निश्चित व्याज पत्करू नये, हा धडा त्या लिलावातून घेतलाच पाहिजे.

दुसरी बाजू श्रद्धेची आहे. ज्याला आपल्या कार्याविषयी खरा विश्वास असतो, तो त्यासाठी आपले काहीतरी पणाला लावतो. नुसते बोलून थांबत नाही. विश्वस्ताने संस्थेचा पैसा पणाला लावू नये, परंतु स्वतःचा वेळ, श्रम, मानापमान आणि ऐपतीप्रमाणे स्वतःचे द्रव्य द्यावयास मागेपुढे पाहू नये. तसेच भिंतींवर जेवढा खर्च होतो त्यातील काही भाग माणसे घडविण्यावरही व्हावा. एखाद्या गरीब घरच्या मुलाला पेटी शिकविली, एखाद्या मुलीला तबल्यावर बसविले, दोन्ही भाषांतील भजने मुलांकडून पाठ करून घेतली, तर तो खर्च जमाखर्चात दिसणार नाही. परंतु पन्नास वर्षांनी मंदिरात भजन चालू असेल ते त्यामुळेच.

अधू दृष्टीच्या एका मुलाने कीर्तनकार पित्याकडून घेतलेला स्वर सर्व देशास वाटला आणि शेवटी स्वतःजवळ फक्त रामनाम ठेवले. त्या नादयोग्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो. २१ ऑगस्ट रोजी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त आपापल्या गावच्या भजनी मंडळांनी एखादे भजन त्यांच्या स्मरणार्थ म्हणावे, अशी सर्वांस नम्र विनंती आहे.

आपणां सर्वांवर श्रीरामाची कृपा अखंड राहो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥